राष्ट्रसंघ, कलम ११ आणि एक ‘नाही’

बडोद्याचे दिवाण सर व्ही. टी. कृष्णमाचारी १९३४ आणि १९३६ मध्ये हिंदुस्थानच्या शिष्टमंडळातून जिनिव्हाला, राष्ट्रसंघाच्या (‘लीग ऑफ नेशन्स’, आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची देशांची संघटना) अधिवेशनाला गेले होते. पारतंत्र्यातला देश सभासद कसा? राष्ट्रसंघाची घटना हा पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाचाच पहिला भाग. त्या तहावर हिंदुस्थानच्या वतीनं बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांचीही सही होती. १० जानेवारी १९२० ला तह लागू झाला आणि सभासदत्व आपोआप मिळालं.

‘स्वतःचं सैन्य नव्हतं म्हणून राष्ट्रसंघ बुडाला’ असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. घटनेची कलमं अवघी २६; खरी मेख त्यांतच होती.

कलम ११ म्हणजे तातडीची घंटा. कोणाही सभासदानं वाजवावी, कौन्सिलची, म्हणजे मोजक्या सभासद देशांच्या मंडळाची, बैठक लगेच बोलवायची. पण ठराव एकमतानं, आणि त्या एकमतात भांडणारे दोन्ही पक्षही धरलेले. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या वाड्याची वाटणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एका सहीवाचून अडलेला कागद म्हणजे काय ते सांगायला नको.

ऑक्टोबर १९२५ मध्ये ग्रीक फौजा बल्गेरियात घुसल्या. २६ तारखेला पॅरिसमध्ये कौन्सिल बसलं: २४ तासांत माघारीचे हुकूम, ६० तासांत हद्द मोकळी. ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीचे लष्करी अधिकारी देखरेखीला गेले. ग्रीसनं ऐकलं, पुढे ४५,००० पौंड भरपाईही त्याच्यावर बसली. घंटा वाजली ती अशी, कारण ग्रीस लहान होता आणि मोठ्यांचं एकमत होतं.

सप्टेंबर १९३१ मध्ये जपाननं चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात हात घातला. चीननं हेच कलम ११ धरलं. १६ नोव्हेंबरपर्यंत माघार घ्या, असा ठराव २४ ऑक्टोबरला आला. बाजूनं १३, विरुद्ध १. तो एक म्हणजे खुद्द जपान. ठराव कायद्यानं शून्य!

जानेवारी १९३२ मध्ये चीननं कलम १५ लावलं. तिथे भांडणाऱ्यांची मतं धरत नाहीत. पण तोवर चार महिने गेले होते. बंगालचे माजी गव्हर्नर लॉर्ड लिटन यांचं चौकशी मंडळ एप्रिलमध्ये मांचुरियात पोचलं, अहवाल ऑक्टोबरमध्ये निघाला. २४ फेब्रुवारी १९३३ ला सगळ्या सभासदांच्या सभेनं तो ४२ विरुद्ध १ असा मान्य केला. जपानचं ‘नाही’ या वेळी मोजलंच गेलं नाही; महिनाभरात त्यानं संघ सोडण्याची नोटीस दिली. घटनेप्रमाणे दोन वर्षांच्या मुदतीची.

उरलं कलम १६, म्हणजे आर्थिक बहिष्कार. मांचुरियाच्या वेळी ते लावलंच नाही. लावलं ते इथिओपियावर चालून गेलेल्या इटलीवर, १८ नोव्हेंबर १९३५ पासून. त्या बंदीची यादी जरूर वाचावी. रबर आहे, कथील आहे, ओझी वाहणारी खेचरं, गाढवं आणि उंटसुद्धा आहेत. पेट्रोल नाही, कोळसा नाही, पोलाद नाही. आणि सुवेझचा कालवा इटलीच्या जहाजांना उघडाच होता.