जीआरईला अवघड शब्द नाही, सोपे शब्द मारतात

जीआरई, म्हणजे परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा, द्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, शब्द किती पाठ करायचे? कुणी हजार सांगतं, कुणी साडेतीन हजारांची पीडीएफ पाठवून देतं, आणि मग ए पासून घोकायला सुरुवात होते, अबेट, अबेरंट, अब्स्कॉन्ड... बहुतेकांची गाडी सी च्या पुढे सरकत नाही, आणि व्ही वरून सुरू होणारे बिचारे शब्द तसेच शेवटपर्यंत वाट बघत बसतात. माझं म्हणणं एवढंच की तो आकडा जरा बाजूला ठेवा, कारण परीक्षा आता नुसता अर्थ विचारतच नाही.

पूर्वी विचारायची. विरुद्धार्थी शब्द यायचे, अ‍ॅनालॉजी (शब्दजोड्यांमधलं नातं ओळखणं) यायच्या, घोकंपट्टीवाल्यांची चंगळ होती. ऑगस्ट 2011 मध्ये ईटीएसने, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेने, दोन्ही प्रकार काढून टाकले, आता रिकाम्या जागा, सेंटेन्स इक्विव्हॅलन्स आणि उतारे. म्हणजे शब्द भेटणार तो वाक्यातच. एसएटीचंही, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचंही, तेच झालं, अ‍ॅनालॉजी 2005 ला गेल्या आणि 2016 मध्ये कुणी कधी न वापरणारे शब्दही गेले. याद्या मात्र अजून त्याच जुन्या फिरतायत.

सेंटेन्स इक्विव्हॅलन्स काय करतं बघा. एक रिकामी जागा, सहा पर्याय, त्यातले दोन निवडायचे, आणि दोन्ही बरोबर असतील तरच मार्क, एक बरोबर एक चूक म्हणजे भोपळा. समजा वाक्य असं आहे की समीक्षकाने पुस्तकाचं कौतुक केलं खरं, पण ते कौतुक 'अमुक' होतं, कारण प्रत्येक गुणामागे त्याने एक उणीव जोडली होती. पर्याय आहेत इफ्यूसिव्ह, लॅव्हिश, क्वालिफाइड, सिन्सिअर, गार्डेड, पोस्ट्यूमस. इफ्यूसिव्ह आणि लॅव्हिश एकत्र दिसले की हात शिवशिवतात, दोन्ही भरभरून केलेल्या कौतुकाला चालतात, जोडी मस्त जुळते, फक्त वाक्यात बसत नाही. असं जोडीचं आमिष मुद्दाम ठेवलेलं असतं. उत्तर आहे क्वालिफाइड आणि गार्डेड, म्हणजे हातचं राखून केलेलं कौतुक. आता क्वालिफाइड हा शब्द कुणाला येत नाही? सगळ्यांना येतो, आणि तिथेच घात होतो, कारण डोक्यात पात्रता, डिग्री, सिलेक्शन हेच असतं आणि तो पर्याय नजर न थांबताच मागे पडतो.

असे शब्द कुठल्याच यादीत ठळक अक्षरात नसतात कारण ते सोपे वाटतात. टेंपर म्हणजे राग माहीत असतो, पण क्रियापद म्हणून आला की एखाद्या गोष्टीची तीव्रता कमी करणं. फ्लॅग म्हणजे झेंडा, पण उत्साह फ्लॅग होतो तेव्हा तो ढेपाळतो. वॅक्स म्हणजे वाढणं, चेक आणि अरेस्ट म्हणजे रोखणं, हजबंड म्हणजे चक्क जपून, पुरवून वापरणं! सँक्शन तर मंजुरीही आणि निर्बंधही, बाजूचे शब्द बघितल्याशिवाय कळणारच नाही. आणि प्रस्ताव टेबल केला म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत चर्चेला घेतला, अमेरिकन इंग्रजीत पुढे ढकलला, परीक्षा अमेरिकन आहे हे लक्षात असू द्या. माझं स्पष्ट मत, अशा शंभरेक शब्दांवर घालवलेला वेळ त्या पीडीएफवरच्या वेळेपेक्षा जास्त मार्क देतो.

दुसरी जात म्हणजे दिसतं तसं नसतं वाली. एनर्व्हेट ऐकून एनर्जी आठवते आणि अर्थ नेमका उलटा, शक्ती काढून घेणं. रेस्टिव्ह म्हणजे निवांत नाही, चुळबुळ करणारा. नॉइसमचा नॉइजशी संबंध नाही, ती दुर्गंधी. मेरिट्रिशसमध्ये मेरिट शोधू नका, नुसता दिखाऊ झगमगाट असतो तो. म्हणून मुळांवरून शब्द शिका असं जे सगळे सांगतात ना, ते अर्धं खरं आहे. लॅटिनमधलं बोलणं या अर्थाचं मूळ कळलं की इलोक्वंट, लोक्वेशस, सोलिलोक्वी, सर्कमलोक्यूशन एका झटक्यात ओळखीचे होतात हे मान्य, पण मूळ खरंच माहीत हवं, नुसता कानाला सारखा वाटतो म्हणून अंदाज मारला की गेलात. एनर्व्हेटचंच बघा, त्यातलं लॅटिन मूळ स्नायूंच्या शिरेचं आहे, शीरच काढून घेतलेला म्हणून गळून गेलेला, हे एकदा कळलं की तो शब्द परत चुकत नाही.

खरी मेहनत कुठे करायची तर शब्दांच्या घराण्यांवर. कमी बोलणाऱ्यांचं घराणं घ्या. टॅसिटर्न म्हणजे स्वभावानेच अबोल. रेटिसंट म्हणजे बोलू शकतो पण मनातलं काढत नाही. लॅकॉनिक म्हणजे मोजके शब्द आणि नेमके, हा शब्द स्पार्टाच्या लॅकोनिया प्रदेशावरून आलाय. गोष्ट अशी सांगतात की मॅसिडोनियाच्या फिलिपने 'मी तुमच्या मुलखात शिरलो तर...' अशी लांबलचक धमकी पाठवली आणि स्पार्टावाल्यांनी उलट एकच शब्द पाठवला, 'तर'. टर्स म्हणजे आटोपशीर, कधी कौतुक कधी नाही, आणि कर्ट म्हणजे तुटक, समोरच्याला लागेल असं. यादीत या पाचही शब्दांपुढे थोडाफार एकच अर्थ लिहिलेला असतो आणि परीक्षा नेमकी त्यातल्या फरकावर बोट ठेवते. आपल्याला हा फरक नवीन नाहीये, मितभाषी म्हटलं की कौतुक आणि घुम्या म्हटलं की टोमणा हे आपण न शिकता जाणतो, काटकसरी आणि चिक्कू तसंच. म्हणून मी पाठांतराच्या कार्डावर इंग्रजी व्याख्या न लिहिता असा चपखल मराठी शब्द लिहिते आणि शेजारी अधिक किंवा वजा चिन्ह, म्हणजे शब्द कौतुकाचा की टीकेचा तेवढं. प्रश्नात अर्थ धूसर असला तरी त्या चिन्हावर निदान दोन-तीन पर्याय उडतात.

आता लक्षात ठेवायचं कसं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरं पाठ करून, दाखवलं होतं की सुरुवातीला विसरणं धडाधड होतं आणि मग वेग मंदावतो, म्हणजे उजळणी विसरायच्या बेतात असताना करायची. अंकी हे फुकटचं सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालतं. त्यात रोजचे नवीन पत्ते, म्हणजे शब्दांची कार्डं, डिफॉल्टला 20 असतात, ऐकायला कमी वाटतात, पण जुन्यांची उजळणी मागून वाढत जाते आणि दोन दिवस सुट्टी घेतली की ढीग साचतो, तर नोकरी करणाऱ्याने सरळ 10 वर आणावं. आणि एक, वारंवार चुकणाऱ्या पत्त्याला अंकी लीच म्हणतं, म्हणजे जळू, डिफॉल्टला 8 वेळा विसरलात की त्या पत्त्यावर तशी खूण करतं, आणि सेटिंग तसं असेल तर तो बाजूलाच काढून ठेवतं. त्याला परत ढकलून आत घालू नका, पत्ताच नव्याने लिहा, वेगळं वाक्य, वेगळा शेजारी शब्द. दहातल्या नऊ वेळा दोष पत्त्याचा असतो, डोक्याचा नाही.

वाचन करा हे सगळेच सांगतात, करा, दि इकॉनॉमिस्ट किंवा तसलं काहीतरी वाद घालणारं लिखाण. पण वाचताना अवघड शब्दांपेक्षा वाक्य फिरवणारे शब्द टिपा, हार्डली, ऑलदो, फार फ्रॉम, एनिथिंग बट. एनिथिंग बट सिंपल म्हणजे अजिबात सोपं नाही, हे घाईत उलटं वाचलं की माहीत असलेले सगळे शब्द पाण्यात.

आयईएल्ट्स, म्हणजे इंग्रजी भाषेची परीक्षा, देणाऱ्यांनी मात्र या भानगडीत पडू नये. तिथे लेखनात शब्दसंपत्तीला मार्क असतात, पण नेमकेपणाला, आणि बळेबळे घुसवलेला भारी शब्द चुकीच्या जागी बसला की उलट तोटा.

सप्टेंबर 2023 पासून जीआरई लहान झालीये, व्हर्बलचे, म्हणजे भाषेच्या विभागाचे, फक्त 27 प्रश्न, पहिल्या भागात 12 ला 18 मिनिटं आणि दुसऱ्यात 15 ला 23 मिनिटं, आणि उतारेही याच वेळात वाचायचे. त्यामुळे रिकाम्या जागेवर शब्द आठवत बसायला वेळ नसतो. नाही आठवला तर प्रश्नावर खूण करा, पुढे जा, त्याच भागात परत येता येतं, आणि चुकीला निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा कोरं काही सोडू नका.