मग फेस्टिव्हलला का नाही पाठवत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. न्हावी विचारतो, मावसभाऊ विचारतो, शिबिरात भेटलेली पोरं विचारतात: "दादा, नवीन फिल्म फेस्टिव्हलला का नाही पाठवत?" २०२५ च्या जानेवारीत 'साबर बोंडं'ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, तेव्हापासून विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी कीवही असते. एक मराठी सिनेमा तिथवर पोचला, आणि तू इथं काय करत बसलायस?

तर मी पाठवत होतो. अगदी भक्तिभावानं. मागची फिल्म १९ मिनिटांची, खर्च २ लाख ८० हजार, त्यातले लाखभर मेहुण्याचे (अजून द्यायचेत, आणि तो हे वाचणार आहे). दीड वर्षात ती ४१ महोत्सवांना पाठवली. आधी भरलं तर कुठं १५ डॉलर, कुठं २५. मुदत टळत आली की तेच ५०. डॉलरमागं बँक आपला हात मारते तो वेगळाच. शेवटी वही काढून बेरीज केली तर नुसत्या प्रवेशशुल्काचे ९६ हजार निघाले. फिल्मच्या खर्चाचा तिसरा हिस्सा, आणि त्यातलं पडद्यावर काहीच दिसत नाही.

२०२५ च्या सनडान्सला ११,१५३ लघुपट आले होते. निवडले ५७. यात त्यांचा दोष नाही, एवढं बघायला माणसं लागतात, माणसांना पगार लागतो. आणि मोठ्या ठिकाणच्या बऱ्याच फिल्म या ढिगातून येतच नाहीत. निवड करणारे त्यांच्यावर आधीपासून नजर ठेवून असतात, पटकथा घडवून घेणाऱ्या लॅबमध्ये, निर्माते-खरेदीदार भेटतात त्या फिल्म बाजारात, ओळखीच्या निर्मात्याकडं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं. तरी भरले. लॉटरीच म्हणायची, फक्त लॉटरीवाला नंतर 'तुमची कलाकृती आम्हाला मनापासून भावली, परंतु' असं पत्र पाठवत नाही.

तसं एक पत्र आलं त्या रात्री मी त्यांना पाठवलेल्या ऑनलाइन लिंकची आकडेवारी उघडून बघितली, कुठून किती वेळ बघितलं ते. त्या देशातून फिल्म एकदाच सुरू झाली होती, २ मिनिटं १० सेकंद. माझ्या फिल्ममध्ये पहिलं वाक्य तीन मिनिटांनी येतं. आता तुम्ही म्हणाल, मग आधी आणायचं. एडिटरही हेच म्हणाला होता.

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असंही कुणी म्हणेल. म्हणा. पण माझी नऊ ठिकाणी निवड झाली, आणि त्यातल्या एका निवडीमुळंच मी थांबलो.

दिल्लीच्या बाहेर, हायवेलगतच्या एका हॉटेलात तो 'आंतरराष्ट्रीय' महोत्सव होता. फिल्ममध्ये मुख्य काम नानांचं. नाना एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभे राहिलेले. त्यांना घेऊन गेलो. सोबत कॅमेरामन आणि साउंडवाला. जायचं-यायचं भाडं आपलं, राहणं आपलं. हॉल म्हणजे लग्नाचा हॉल. आदल्या रात्रीच्या झेंडूच्या माळा अजून खांबांना होत्या. सकाळी साडेनऊचा शो. चित्र आडवं ताणलेलं, नानांचं तोंड भाकरीएवढं रुंद. मी उठून ऑपरेटरला सांगायला गेलो, तर लॅपटॉप लावून देणारा पोरगा चहाला गेला होता. सबटायटल अर्धं पडद्याच्या खाली, भिंतीवर.

शो संपला. नाना सवयीनं मागं वळून बघत होते, ओठ हलत होते. मग म्हणाले, "सात शीट. त्यातली चार आपलीच."

बाहेर टेबल मांडलं होतं. प्रमाणपत्र मोफत, ट्रॉफी हवी असेल तर साडेचार हजार. आम्हाला 'सर्वोत्कृष्ट अभिनेता' मिळालं होतं. आमच्या आधीच्या फिल्मलाही 'सर्वोत्कृष्ट अभिनेता'च मिळालं होतं, विभाग निराळा. नाना इस्त्रीचा पांढरा सदरा घालून जरा लांब उभे होते, इकडं बघत नसल्यासारखे. मी पैसे मोजले. ट्रॉफीवर त्यांचं आडनाव चुकलेलं होतं.

हे इथंच संपलं असतं तर आज हसून सांगितलं असतं. पण मी त्याच रात्री हॉटेलातून पोस्टरवर ती पानांची महिरप, पुरस्कार मिळाल्याची खूण, चिकटवली आणि फेसबुकसारख्या ठिकाणी टाकली. मी स्वतः. कुणी जबरदस्ती केली नव्हती. दुसऱ्या दिवशी एका पेपरात 'गावच्या कंडक्टरला आंतरराष्ट्रीय पुरस्कार' असं आलं, चौथ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला, आणि त्या रविवारी गणेश मंडळानं शाल-श्रीफळ देऊन दोघांचा सत्कार केला. सरपंच बोलले. नानांची नात बोलली. मग नानांच्या हातात माइक दिला. या माणसानं मला टेबलावर पैसे मोजताना बघितलं होतं. तो माइक धरून थोडा वेळ नुसता उभा राहिला आणि म्हणाला, "पोरानं लई खर्च केलाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, फिल्मवर.

परतताना एसटीत त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं वेबिल कोण लिहितं रं?" म्हणजे किती बसले, किती जमा झाले, कुणाच्या खिशात गेले, हे कुठं लिहून ठेवतात का? मला सांगता आलं नाही. एवढी वर्षं फेस्टिव्हल-फेस्टिव्हल करतोय, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

आता सगळेच चोर आहेत असं मी म्हणत नाहीये. केरळात एका महोत्सवात आदल्या दिवशी प्रोजेक्शनवाल्याचा फोन आला होता: आवाज डाव्या बाजूला कमी येतोय, मुद्दाम तसा ठेवलाय का? हॉल भरलेला, पोरं पायऱ्यांवर बसलेली, आणि नंतर एका बाईनं पहिली तीन मिनिटं शांत का आहेत यावर माझ्याशी चांगलंच भांडण काढलं. पैसे त्यांनीही दिले नाहीत. मागावेसेही वाटले नाहीत, आणि हीच माझी अडचण आहे. मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' ही फिल्म सोसायटी १९६८ पासून चालत आलीय. फिल्म सोसायटीत वर्गणी बघणारा भरतो. फेस्टिव्हलमध्ये बनवणारा भरतो. हे वाक्य मला फार आवडतं, शिबिरात टाळ्या मिळवतं. पण सोसायटीत माझी १९ मिनिटं बघायला कोण वर्गणी भरेल, हे विचारलं की मी चहा प्यायला उठतो.

आणि हाच मी २०१८ साली कोल्हापुरात पोरांना सांगत होतो, "फेस्टिव्हल हाच आपला बाजार." त्यातल्या एकानं बहिणीकडून उसने घेऊन फॉर्म भरले. तो आता लग्नाचे व्हिडिओ करतो, माझ्यापेक्षा चांगले कमावतो, भेटला की पाया पडतो. मला ते आवडत नाही.

नवीन फिल्मचं विचारत होतात ना? ती चार महिन्यांपूर्वी पूर्ण झाली. तीही नानांचीच. त्यांचं म्हणणं, शाळेच्या हॉलात लाव, वीस रुपये तिकीट, मी फाडतो. मागची फिल्म आम्ही तशी लावली होती: १५७ माणसं, ३,१४० रुपये. वहीत जमेच्या बाजूला तेवढाच आकडा आहे. पण नवी तिथं लावली तर प्रीमियर, म्हणजे पहिल्यांदा दाखवायचा मान, जातो, आणि प्रीमियर गेला की काही ठिकाणी फॉर्मच घेत नाहीत. म्हणजे पाठवत नाही म्हणतो आणि प्रीमियर जपून ठेवतो. परवा एका ठिकाणचा फॉर्म अर्धा भरून ठेवला, कार्डाचा नंबर सोडून.

नानांचा दर पंधरवड्याला फोन येतो. "कधी लावतोस?" मी म्हणतो, पुढच्या महिन्यात. ते म्हणतात, "बरं. शाळेला सुट्टी लागायच्या आत बघ, मग शीट मिळत नाहीत."