हेल्मेटखालची खाज

आज तबेल्यावर राइडनंतर हेल्मेट काढल्याकाढल्या 4-5 जण डोकं खाजवत होते. उकाडा आहेच, पण मूळ बहुतेकदा आतल्या अस्तरात असतं. कपाळाकडची पट्टी उलटी करून बघा: घामाचं मीठ वाळून पांढरी, कडक कड धरलेली दिसेल. तीच तासभर कातडीवर घासते.

बहुतेक अस्तरं वेलक्रोवरून सुटतात. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात चमचाभर सौम्य शाम्पू घालून हातानं धुवा, फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा. राहिलेल्या साबणानंही खाज सुटते. वाळवायचं सावलीत. आणि कृपा करून हेल्मेट तापलेल्या डिकीत ठेवू नका, आतला फोम बिघडतो.

डोक्याला तेल लावून घोड्यावर बसणं टाळा, कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते. केस वाळलेले हवेत; उंच अंबाड्याऐवजी मानेशी सैल वेणी. आत पातळ सुती टोपी चालते, जाडीनं फिटिंग बिघडतं. हेल्मेट हलवल्यावर कपाळाची कातडी सोबत हलायला हवी. नुसतंच सरकलं तर ते मोठं आहे, घासणारच.

क्लबचं हेल्मेट वापरत असाल तर टोपी स्वतःची, रोज धुतलेली. गोल चट्टा पडून केस गळले तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा.