तिसऱ्याच्या जिवावरची तडजोड

अमेरिकेच्या मिसूरी राज्यातल्या सेंट लुईसला आलेला माणूस आधी ती ६३० फूट उंच कमान बघायला धावतो. मी भाचीला म्हटलं, आधी जुन्या कोर्टात जाऊ. कमानीच्या समोरच ही घुमटाची इमारत आहे. मालक वारला की वाटणीसाठी त्याच्या गुलामांचा लिलाव व्हायचा, तो याच कोर्टाच्या पायऱ्यांवर. त्या चढताना पाय जड झाले.

बाहेर ड्रेड आणि हॅरिएट स्कॉट या गुलाम जोडप्याचा पुतळा आहे. त्यांची कहाणी सुरू होते १८२०च्या सौद्यापासून. मिसूरीला गुलामगिरीसकट राज्याचा दर्जा द्यायचा, बदल्यात ईशान्येच्या मेनला गुलामगिरीविना. आणि पश्चिमेच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशरेषेच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी. इतिहासात याला ‘मिसूरी तडजोड’ म्हणतात. हा शब्द मला खटकतो. तडजोड म्हणजे दोघांनी आपापलं थोडं सोडायचं. इथे उत्तर आणि दक्षिण दोघांनी मिळून वाटून घेतलं ते तिसऱ्याचं आयुष्य.

ड्रेडचा मालक लष्करी डॉक्टर होता. त्याने त्यांना आधी इलिनॉयला आणि मग फोर्ट स्नेलिंगला नेलं, म्हणजे बंदीच्या मुलखात. तिथेच हॅरिएटशी लग्न झालं. थोरली एलायझा जन्मली मिसिसिपीवरच्या बोटीत, मिसूरीच्या हद्दीच्या उत्तरेला. कायद्याने ती मुक्त भूमीतली लेक! तरी सगळे परत मिसूरीत आले ते गुलाम म्हणूनच.

१८४६मध्ये दोघांनी इथे दावा लावला. १८५०मध्ये ज्युरीने त्यांना मुक्त ठरवलं. ती खोली पुढच्या फेरफारांत गेली, पण मी त्या मजल्यावर बराच वेळ रेंगाळले. कारण दोनच वर्षांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘आता काळ पूर्वीसारखा राहिला नाही’ असं म्हणत निकाल फिरवला. कायदा तोच होता, माणसंही तीच. १८५४मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती रेषाच पुसली, आणि १८५७मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी रेषा आखण्याचा अधिकार संसदेला मुळात नव्हताच. कृष्णवर्णीय माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. अकरा वर्षं कोर्टाची पायरी झिजवून हे हाती आलं.

त्याच वर्षी नव्या मालकाने त्यांना मुक्त केलं. ड्रेड हॉटेलात हमाली करू लागले आणि पुढच्याच वर्षी गेले.

संध्याकाळी कॅल्व्हरी दफनभूमीत गेलो. त्यांच्या कबरीवर लोक लिंकनची छबी असलेली सेंटची नाणी ठेवतात. काही नवी तांबूस, काही पावसाने काळी पडलेली. भाचीने पर्स उपडी करून एक शोधलं आणि लिंकनचा चेहरा वर येईल असं ठेवलं.

हॅरिएट शेजारी नाहीत. गुलामगिरी संपलेली त्यांनी पाहिली, १८७६मध्ये गेल्या. त्यांची कबर शहराबाहेर दुसऱ्याच दफनभूमीत आहे. उद्या सकाळी तिकडे.