माळढोकाची हजेरीवही

सातवीत असताना बाबांनी मला एम-एटीवर बसवून नान्नजला नेलं होतं. पाऊस नुकताच पडून गेला होता. दोन तास गवताकडे बघून डोळे चुरचुरायला लागले, तेवढ्यात गवतातून एक पांढरी मान वर आली. डोक्यावर काळी टोपी. "हलू नको," बाबा पुटपुटले. त्यानंतर मी माळढोक पुन्हा पाहिलेला नाही.

या पक्ष्यासाठी आमच्या सोलापूरजवळ, नान्नजला, १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आज देशभरात मिळून दीडशेही माळढोक उरले नसावेत. हे वाचल्यावर मनात आलं, की त्यांची मोजदाद होते, तशी त्यांच्यावर जीव असणाऱ्या माणसांचीही व्हायला हवी.

इंटरनेटवर याची एक जुनी रीत आहे, फॅनलिस्टिंग. विषय एक, आणि तो आवडणाऱ्यांनी आपलं नाव नि देश लिहायचा. ईमेल फक्त यादी सांभाळणाऱ्यापुरता. चर्चा नाही, वाद नाही, 'मलाही आवडतं' एवढंच. दफॅनलिस्टिंग्ज डॉट ऑर्ग ही अशा याद्यांची मोठी सूची आहे आणि एका विषयाला एकच यादी हा तिथला नियम. मी तिथं अर्ज केला नाही. मला मराठी यादी हवी होती.

फॉर्म तयार करून बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. "देश विचारतंय. गाव कुठं लिहायचं गं?" गावाचा रकाना तिथल्या तिथे वाढवला. दुसरा रकाना मी घातला, 'शेवटचा कधी पाहिला?' त्यात 'अजून पाहिला नाही' असाही पर्याय ठेवला, कारण न पाहताही जीव लागतो. 'कुठे पाहिला' हा रकाना मात्र मुद्दाम ठेवला नाही. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्या जागेचा पत्ता जगाला देण्याचं पाप मला नको होतं.

मग तांत्रिक गोष्टी सुरू झाल्या. यादी चालवणारी जी तयार स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, मला मिळाली ती फार जुनी होती आणि मायएस्क्यूएल या डेटाबेसशी बोलणारी तिच्यातली फंक्शन्स पीएचपी या वेबच्या भाषेतून सातव्या आवृत्तीपासून काढूनच टाकली आहेत. पान उघडलं की कोरं. आठवडाभर रोज रात्री एकेक ओळ बदलत गेले. एकदाची यादी सुरू झाली, पहिली अकरा नावं आली आणि सगळ्यांच्या जागी प्रश्नचिन्हं! नावं साठवणारं डेटाबेसचं टेबल लॅटिन-१ या जुन्या अक्षरसंचात होतं, त्यात देवनागरी अक्षर मावतच नाही. टेबल देवनागरी सामावणाऱ्या यूटीएफ८एमबी४ या अक्षरसंचात बदललं, पण आधीची नावं गेली ती गेलीच. अकरा जणांना पत्र लिहून माफी मागितली आणि नावं पुन्हा मागितली. नऊ जणांनी पाठवली. ते दोघे कोण होते हे मला आता कधीच कळणार नाही, याचं वाईट वाटतं. कुणी हे करणार असेल तर आधी टेबल तपासा, स्वतःचं नाव मराठीत लिहून बघा, मगच दार उघडा.

खोटी नावं टाकणाऱ्या यंत्रांसाठी फॉर्मच्या शेवटी प्रश्न ठेवला, 'माळढोकाची मादी एका वेळी बहुधा किती अंडी घालते?' तरीही प्रत्येक नाव मी स्वतः वाचूनच यादीत घेते.

सगळ्यात रमले ते बटणात. यादीत नाव घातलेल्यांनी आपल्या पानावर लावायचं छोटं चित्र म्हणजे बटण. त्याचं ठरलेलं माप ८८ बाय ३१ ठिपके. एवढ्याशा जागेत माझा माळढोक कोंबडीसारखा दिसत होता. बाबांनी तीस वर्षं चादरीच्या नक्ष्या काढल्या आहेत. जकार्डची, म्हणजे मागावर विणायची, नक्षी आधी ग्राफ पेपरवर चौकोन भरून काढतात, मग त्यावरून मागासाठी भोकांची पंच कार्डं पाडतात. त्यांनी विचारलं, "आडवे किती, उभे किती?" मी माप सांगितलं. "मग हे आमचंच काम आहे की!" कपाटातून ग्राफ पेपर निघाला. दोन हजार सातशे अठ्ठावीस चौकोन. मान कुठे वळवायची यावर दुपार गेली. मानेला पांढऱ्याऐवजी फिकट करडा रंग घेतला, नाहीतर ती मागच्या पांढऱ्यात हरवते, हे त्यांनी सांगितलं. संध्याकाळी मी चौकोन मोजत तेच चित्र संगणकावर भरलं. पक्षी उभा राहिला.

यादीत पहिलं नाव बाबांचं. त्यांना ईमेल नाही, म्हणून ईमेलची सक्तीच काढली. आज चौसष्ट नावं आहेत, त्यातल्या एकेचाळीस जणांनी 'अजून पाहिला नाही' लिहिलंय. बार्शी, मोहोळ, करमाळा, एक दुबईहून.

काल रात्री जैसलमेरहून नाव आलं. 'शेवटचा कधी पाहिला?' या रकान्यात होतं, 'आज सकाळी.'

बाबा जेवत होते. वाचून दाखवलं. हातातला घास तसाच ठेवून ते म्हणाले, "परत वाच."