आडनाव सोडा, चतुःसीमा धरा: खान्देशातल्या जुन्या घरावरून पूर्वज शोधताना

खान्देशात पूर्वज शोधायला निघालेला माणूस आधी आडनावाच्या मागे लागतो आणि तिथेच अडकतो. पाटील, देशमुख, महाजन, चौधरी ही हुद्द्याची नावं. कधीकाळी घरातल्या कुणाकडे तरी ते काम होतं, एवढंच ती सांगतात; गाव सांगत नाहीत. त्यात जुन्या कागदांवर आडनाव बहुतेक नसतंच. ‘तुका वल्द राघो (म्हणजे राघोचा मुलगा तुका), जात कुणबी, राहणार मौजे अमुक’, संपलं. अशा तुका-राघोच्या जोड्या एकेका गावात चार-चार निघतात. घराची जागा आणि शेताचा बांध मात्र हलत नाही. म्हणून आधी जागा पक्की करायची, मग तिच्यावर कोण कोण राहून गेलं ते उतरवायचं.

स्कॉटलंडमध्ये हे काम घराच्या नावावरून चालतं. तिथे जमीनदाराला त्याच्या वाड्याच्या नावानेच ओळखत. १६१७ पासून जमीन-घरांच्या हस्तांतराची सरकारी नोंदवही आहे, १८५५ पासून जन्म-मृत्यू-लग्नाची नोंद सक्तीची आहे, आणि १८४१ ते १९२१ च्या जनगणनेत कोणत्या घरात कोण राहत होतं ते नावानिशी पाहता येतं. आपल्याकडे जनगणना १८७२ पासून आहे, पण त्यातून हाती लागतात ते आकडे. घराघरातली नावं पाहायला मिळत नाहीत. पण नावांचा एक घोळ तिथेही आपल्यासारखाच आहे. चर्चपाशी वसलेलं गाव म्हणजे ‘किर्कटन’, आणि किर्कटन तिथे ढिगाने आहेत. आपल्या पिंप्री, वडगाव, वरखेडीसारखंच.

तेव्हा पहिला प्रश्न: कोणतं पिंप्री? बुद्रुक-खुर्द सगळ्यांना माहीत असतं, पण खान्देशात खरी मेख ‘प्र.’ मध्ये आहे. धुळे तालुक्यात मोहाडी प्र. लळिंग आहे आणि मोहाडी प्र. डांगरीही आहे. जळगावजवळची शिरसोली प्र. बो. आणि प्र. न. अशी दोन आहे. हा ‘प्र.’ म्हणजे प्रगणे, जुना परगणा. बोलताना लोक तो गाळतात, कागद गाळत नाही. अर्जात नुसतं ‘मोहाडी’ लिहिलंत तर दुसऱ्याच मोहाडीचा उतारा हातात पडेल, आणि त्यातही एखादा तुका वल्द राघो सापडून तुम्ही खूश होऊन घरी जाल. ही चूक फार महागात पडते, कारण पुढचं सगळं झाड चुकीच्या बुंध्यावर चढतं.

तालुका आणि जिल्हाही त्या काळचा लागतो. १९०६ पर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता आणि मुख्य ठाणं धुळे. मालेगाव, नांदगाव, बागलाण हे १८६९ मध्ये नव्या नाशिक जिल्ह्यात गेले. १८८० च्या गॅझेटिअरमधल्या तालुक्यांत नशिराबाद, सावदा, विरदेल, पिंपळनेर ही नावं आहेत. आज त्या मुलुखासाठी जळगाव, यावल-रावेर, शिंदखेडा, साक्री म्हणावं लागतं. १९०६ ला पूर्व आणि पश्चिम खान्देश झाले, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. मुक्ताईनगरचा जुना कागद ‘एदलाबाद’ या नावाखाली असतो. यावलकडच्या माणसाने पणजोबाचा कागद ‘तालुके सावदे’ म्हणून मागितला नाही, तर रेकॉर्ड रूममधला कारकून ‘नाही’ म्हणेल, आणि त्याच्या परीने ते खरंच असेल. जळगावकडच्या लोकांनी १९०६ च्या आधीच्या जिल्हा पातळीवरच्या कागदांची चौकशी धुळ्यातही करावी.

गावाच्या नावाचा अर्थ लावण्यात लोकांचा फार वेळ जातो. अमळनेर, जामनेर, पिंपळनेर, थाळनेर यांतलं ‘नेर’ नगरावरून आलं असं मानतात, पिंपळ-वड-बोर-जांभूळ तर उघडच आहेत. वाचायला छान, पण वंशावळीला त्याचा उपयोग शून्य. ‘यावलकर’ किंवा ‘एरंडोलकर’ असं आडनाव असेल तर ते एवढंच सांगतं की कुटुंब ते गाव सोडून निघालं. गावात राहणाऱ्याला कुणी त्या गावचा ‘कर’ म्हणत नाही. आणि निघाल्याचा काळ घरात विचाराल तर पुष्कळदा ‘छप्पन्नाचा काळ’ असं उत्तर येईल. तो संवत १९५६ चा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९००.

आता घर. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. इथून सुरुवात करायची ती ग्रामपंचायतीच्या नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीपासून. त्यावर मिळकत क्रमांक असतो. तो धरून जुनी कर आकारणीची वही मागायची, मग तिच्या आधीची. क्रमांक दर नव्या आकारणीत बदलू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी शेजारच्या दोन घरांची नावंही उतरवून घ्यायची. क्रमांक सरकला तरी शेजार सरकत नाही. गाव मोठं असेल आणि सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक मिळतं. त्याच्यापेक्षा त्याच्या मागची चौकशी नोंदवही जास्त बोलकी असते, कारण सर्व्हेच्या वेळी मालकाने हक्क कशावरून सांगितला ते तिथे लिहिलेलं असतं: वडिलोपार्जित, खरेदी, की वाटणी. एक लक्षात ठेवा, नमुना ८ हा कर कोण भरतो ते सांगतो, मालकी नाही. पुतण्या कर भरत होता म्हणून तो मुलगा ठरत नाही.

खरेदीखत किंवा गहाणखत सापडलं तर आधी चतुःसीमा, म्हणजे घराच्या चारी बाजूंना काय आहे ते वाचा, किंमत नंतर. नमुना असा असतो: ‘पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस धोंडू वल्द लक्ष्मण याचे घर, मधील भिंत सामाईक, दक्षिणेस बोळ, उत्तरेस भाऊबंदांचे खळे.’ या एका वाक्यात दोन बातम्या आहेत. भिंत सामाईक असेल तर दोन्ही घरं पूर्वी एकच असण्याचा संभव मोठा, म्हणजे धोंडू हा चुलत घराण्यातला असू शकतो. उत्तरेच्या खळ्याने भाऊबंद तिथेच राहत होते हे पक्कं झालं. मग धोंडूच्या वारसांकडचं खत मागायचं. त्याच्या पूर्वेच्या सीमेत तुमच्या माणसाचं नाव असणारच. स्वतःच्या घरात कागद उरला नसेल तर पूर्वज शेजाऱ्याच्या कागदात सापडतो. ही युक्ती इतकी साधी आहे की कुणी वापरत नाही. दुय्यम निबंधकाकडे सूची १ नावाने आणि सूची २ मिळकतीने लावलेली असते. आडनावाचा भरवसा नसेल तर सूची २ पाहा. शंभर रुपयांच्या आतल्या व्यवहाराला नोंदणी सक्तीची नव्हती, त्यामुळे साठ-सत्तर रुपयांना घेतलेलं मातीचं घर तिथे दिसलं नाही तर नवल नाही.

शेत असेल तर काम सोपं होतं. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर आहे. तो १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली पडला. जुना सर्व्हे नंबर कळायला एकत्रीकरणाचा ९(३) ९(४) उतारा मागा. मग सर्व्हे नंबरवरून जुने फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे फेरफारांची मालिका साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकात सुरू होते. त्यातला वारसाचा फेरफार हे सोनं: कोण मयत, कधी, मागे कोण. सोबत नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवही, बघायची. ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. एकट्याचं नाव दिसलं तरी मागे चार भाऊ असतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, तिथे आईचं किंवा चुलत्याचं नाव येतं. तो मालक नव्हे. धुळे जिल्ह्याचे स्कॅन केलेले जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आहेत. २०२३ नंतर कुणबी नोंदी शोधण्याच्या मोहिमेत राज्यभर जे कागद उघडले गेले, त्यांचाही फायदा इतरांना होतो.

तिसरी वही कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुधा कोरं असतं, कारण बारशाआधीच नोंद व्हायची. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बापाचं नाव, जात, तारीख एवढंच. मृत्यूच्या नोंदीत वय अंदाजे, ४०, ५०, ६० असं गोळाबेरीज. कारण मात्र वाचण्यासारखं: पटकी, देवी, प्लेग, ताप. एकाच आठवड्यात एका घरातली तीन नावं दिसली की वंशावळीतली एक फांदी का तुटली ते कळतं. यातला बराच मजकूर मोडीत असतो. नावापुरती मोडी महिनाभरात वाचता येते. पूर्ण दस्तासाठी जाणकार गाठा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुन्या कागदपत्रांचा संग्रह आहे, पेशवे काळासाठी पुण्याचं पुराभिलेखागार.

तारखांत घसरायला सोपं. इसवी सन काढायला शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडवा ७९. महसुली कागदांतल्या फसली सनाला ५९०, जानेवारीपासून मृगापर्यंत ५९१. सुहूर सन असेल तर ५९९, तसंच उत्तरार्धात ६००. व्यापाऱ्याच्या वहीतला संवत दिवाळीला सुरू होतो. त्यातून डिसेंबरपर्यंत ५७ वजा, नंतर ५६. नातेशब्दही पाहून ठेवा: वल्द आणि बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम आणि जोजे म्हणजे अमक्याची बायको. ‘गंगा कोम रामा’ला रामाची मुलगी समजून झाडात टांगणारे पुष्कळ आहेत.

घर उभं असेल तर तेही वाचायचं. धाब्याच्या घरात सागाची तुळई, तिच्यावर कड्या, वर पाट, मग माती आणि सगळ्यात वर दरसाल मृगाआधी पसरायची खारी. कुठे कुठे तुळईवर किंवा दाराच्या गणेशपट्टीवर शके-संवत कोरलेला असतो. तैलरंगाचे थर खरवडू नका. दिवे बंद करून बॅटरी लाकडाला जवळजवळ चिकटवून आडवी धरा, सावलीने आकडे उठतात. १ आणि ९ मध्ये गल्लत होते, दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. आणि त्याच तुळईवर रिकाम्या खाचा दिसल्या, ज्यांत आता काहीच बसत नाही, तर ती दुसऱ्या पडक्या वाड्यातून आणलेली आहे. तिच्यावरचं साल त्या वाड्याचं, तुमच्या घराचं नव्हे. सामाईक भिंतीत बुजवलेलं दार असेल तर ते वाटणीचं. चतुःसीमेतल्या धोंडूशी ते जुळवून बघा.

कागदांच्या मागे जायला दोन वाटा उरतात. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थपुरोहितांच्या नामावळ्या गाव आणि आडनावावर लावलेल्या असतात. जाताना मूळ गाव ‘प्र.’सकट सांगायचं, आणि आधीच्या पिढीतल्या कुणाच्या अस्थी तिथे नेल्या होत्या ते ठाऊक असेल तर तेही.

दुसरी वाट घरातच आहे. श्रावणात कानबाई, म्हणजे खान्देशातली घरोघरची देवी, बसते तेव्हा नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, आणि तो रोट भाऊबंदांतच खातात. ज्यांच्या घरी रोट जातो ते तुमचे. ज्यांच्याकडे जात नाही ते एकाच आडनावाचे असले तरी वेगळे. मुठी मोजताना वही घेऊन बसा आणि ‘याच्या नावाची मूठ का?’ हे दर नावाला विचारा. बायकांची नावं त्या मुठींत येत नाहीत. लग्नात नाव बदललेलं असतं, आणि १९५६ च्या आधीच्या वारसाच्या नोंदींत मुली सहसा नसतात, म्हणून पणजीचं माहेरचं नाव हवं असेल तर तिच्या भावाच्या गावचं कोतवाल बुक काढावं लागतं. ते गाव कोणतं हे बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या सुनेलाच माहीत असतं, तेव्हा तिला या श्रावणातच विचारून घ्या.