तुम्ही विचारलंत म्हणून: बटन असताना हात कशाला हलवायचा?

हेवी रेन या व्हिडिओ गेममधे बऱ्याच ठिकाणी बटनाऐवजी हात हलवायचा असतो, आणि त्याचं नाव काढलं की हा प्रश्न ठरलेलाच. भाचा विचारतो, ऑफिसमधले विचारतात, परवा एका लग्नात बायकोच्या मावशींनी पण विचारलं, की अरे बटन दाबून जे होतं त्यासाठी हात हवेत कशाला फिरवायचा? दरवेळी घाईघाईत कायतरी अर्धवट सांगतो आणि मग घरी येताना वाटतं की नीट सांगायला हवं होतं, म्हणून आज बसून लिहितोय.

गेम माहीत नसेल तर थोडक्यात. पॅरिसच्या क्वांटिक ड्रीम या स्टुडिओचा गेम, फेब्रुवारी २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला. ईथन मार्स नावाचा आर्किटेक्ट आहे, त्याच्या मुलाला, शॉनला, कोणीतरी पळवलंय, आणि हा पळवणारा मुलांना पावसाच्या पाण्यात बुडवून मारतो. त्यामुळे मुलाकडे किती वेळ उरलाय ते गेममधे किती इंच पाऊस झाला त्यावरून कळतं. आपल्याला चौघांचे रोल आलटून पालटून खेळायचे असतात आणि त्यातला कोणी मेला तरी गेम ओव्हर होत नाही, गोष्ट त्याच्याशिवाय पुढे जाते. खुनी कोण ते सांगणार नाही, ज्यांना खेळायचंय त्यांनी स्वतः शोधा.

मी खेळलो २०१२ मध्ये. लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड पीएस३ आणला होता, सोबत मूव्ह मिळाला, म्हणजे तो दांडा ज्याच्या टोकाला पेटणारा गोळा असतो. समोर ठेवलेला कॅमेरा गोळा बघतो, गोळा मोठा दिसला म्हणजे हात जवळ, लहान दिसला म्हणजे लांब, आणि हात किती वळला ते दांड्याच्या आतले सेन्सर सांगतात. साधा पॅड, म्हणजे दोन्ही हातांत धरायचा बटनांचा कंट्रोलर, तो पण तिरपा केला, झटकला तर त्याला कळतं, आणि हेवी रेनमधे दोन्ही चालतं. मुलगी तेव्हा सात महिन्यांची, त्यामुळे ती झोपल्यावर आवाज एकदम कमी करून रात्रीच खेळायचो.

गेमच्या सुरुवातीला काहीच घडत नाही. ईथन उठतो, आंघोळ करतो, ज्यूसचा डबा हलवतो, मोठ्या मुलाचा, जेसनचा, दहावा वाढदिवस म्हणून बायकोला टेबल मांडायला मदत करतो. चांगल्या ताटल्या असतात, त्या हळू ठेवायच्या, स्क्रीनवर खूण येते की सावकाश, आणि घाई केलीत तर ते काम होतच नाही, परत करा. पहिल्यांदा मला कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. पण दहा मिनिटांत हाताला सवय लागते की इथे जोर नाही लावायचा, इथे जपून, आणि हे सगळं पुढे वापरायचं असतं हे तेव्हा आपल्याला माहीत नसतं.

मग तो सीन येतो ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. स्कॉट शेल्बी नावाचा प्रायव्हेट डिटेक्टिव्ह आहे, जाडजूड, दम्याचा पेशंट. मारल्या गेलेल्या एका मुलाच्या आईला भेटायला जातो तर तिने मनगट कापून घेतलेलं. तिला सावरून पलंगावर झोपवायचं आणि शेजारच्या खोलीत तान्हं बाळ रडतंय त्याचं पण बघायचं. लंगोट बदलायचा, दूध पाजायचं, मग खांद्याशी धरून झोपवायचं. पॅड दोन्ही हातांत धरून हळूच डावीकडे, हळूच उजवीकडे.

रात्रीचे साडेबारा वगैरे झाले असतील. मला कळलंच नाही की मी नुसते हात हलवत नव्हतो, कमरेपासून डुलत होतो, आमच्या मुलीला घेऊन डुलतो तसाच, आणि तोंडातल्या तोंडात तीच आमची नेहमीची अंगाई चालू होती. मागे वळून बघितलं तर बायको दारात उभी, मुलगी उठली होती म्हणून तिला खांद्यावर घेऊन, आणि ती पण त्याच लयीत डुलतेय. कोणी काही बोललो नाही. स्क्रीनवरचं बाळ झोपलं, आमचं झोपायला अजून वीस मिनिटं लागली.

आता हेच बटनावर करून बघा. बटनावर दार उघडलं काय, माणूस मारला काय आणि बाळ झोपवलं काय, अंगठा तेवढाच दबतो. खांद्याला, कमरेला काही कळतच नाही. आणि बाळ झोपवणं काय असतं ते अंगठ्याला थोडंच माहीत असतं, ते आपल्या खांद्यालाच माहीत असतं, म्हणून त्या गेमने माझ्या खांद्याला हाक मारली असं मी म्हणतो.

दुसरा सीन 'पाल' नावाच्या परीक्षेचा. खुनी ईथनला पाच परीक्षा देतो, प्रत्येकीला एका प्राण्याचं नाव, आणि पास झालात की मुलगा जिथे आहे त्या पत्त्यातली थोडी अक्षरं मिळतात. इथे एका रिकाम्या घरात, कॅमेऱ्यासमोर, पाच मिनिटांत स्वतःच्या एका बोटाचं टोक कापायचं. खोलीत शोधलं तर चाकू, करवत, कुऱ्हाड सगळं सापडतं. मी कुऱ्हाड घेतली. मूव्ह उजव्या हातात, हात वर नेला, आणि तो खालीच येईना. गोळा पेटलेला, टीव्हीवर सेकंद चाललेत, ईथनचा श्वास ऐकू येतोय आणि माझा हात तसाच वर. पिक्चरमधे असं काही आलं की आपण डोळे मिटतो आणि तोवर ते होऊन जातं, इथे मिटून घेतले तर काहीच होत नाही, तुमच्या हातानेच व्हायला लागतं. शेवटी आणला खाली. नंतर पाणी प्यायला उठलो तर हात थरथरत होता.

भाच्याने मोठा झाल्यावर खेळला तेव्हा तो सरळ त्या खोलीतून निघून आला. म्हणाला, "मामा, मला नाही जमलं रे, मी दार उघडून बाहेर आलो." गेम ते पण चालवून घेतो, फक्त अक्षरं कमी मिळतात. आम्ही त्यावर दोन तास भांडलो, की बाप म्हणून कोण बरोबर.

सगळीकडे हात हलवायलाच पाहिजे असं मात्र मी म्हणणार नाही. फ्रिज उघडायला, दार लोटायला हात फिरवून फिरवून नुसता दंड दुखतो. मारामारीत तर मूव्ह मला आवडतच नाही, तुम्ही डावीकडे झटकलेलं त्याला वर वाटतं आणि ईथनच्या तोंडावर ठोसा बसतो, असा मार खाल्ला की राग येतो, तिथे मी सरळ पॅड घेतो. आणि मॉलचा सीन बघा. गर्दीत मोठा मुलगा हरवतो, लाल फुग्याच्या मागे बाप धावतोय, आणि तुम्हाला एकच बटन, दाबलं की तो ओरडतो, जेसन! परत दाबा, जेसन! तिथे बटनच बरोबर आहे. हाक मारण्यापलीकडे त्याच्या हातात काहीच नसतं, मग आपल्या हातात तरी काय असणार.

पीएस३ आमच्याकडे अजून चालू आहे. मूव्हची बॅटरी टिकत नाही म्हणून वायर लावूनच खेळायला लागतं, आणि कॅमेऱ्याला गोळा नीट दिसावा म्हणून ट्यूबलाइट बंद करतो. तर या कधीतरी रात्री जेवायलाच. कुऱ्हाडीचा सीन नाही लावणार, आधी बाळाचा लावतो, पॅड तुमच्या हातात देतो, आणि मी मागे उभा राहून तुमच्या खांद्यांकडे बघतो.